हळदीच्या अंगाने खेळलेली मॅच

शुक्रवार, २३ जानेवारी. सकाळपासून दुकानात विनाइल सोलत बसले आहे. अक्षरं मशीन कापून देतं, पण अक्षरांच्या पोटातला आणि आजूबाजूचा नको तो भाग चिमट्याने हातानेच काढावा लागतो. घाईत ओढलं की मात्राही निघून येते. मैदानाच्या कुंपणावर लावायचे नऊ फलक आहेत, आपल्या पहिल्या संघातल्या नऊ जणींचे. सात झाले. दोन राहिले, एक तुझा आणि एक शैलाचा. बाकी सगळ्यांचा मजकूर तू सांगितलास आणि मी टाइप केला. तुझा सांगायला कुणी नाही, तो मलाच लिहायचा आहे. आणि शैलाचा तू अर्धाच ठेवून गेलीस.

काल तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. म्हणजे तुझी काही इच्छा मागे राहिली नाही, असं सगळे म्हणाले. पण काय राहिलंय ते मला माहीत होतं.

संघ म्हटला की लोकांना वाटतं, निवड झाली असेल. आपला संघ म्हणजे उरलेला माल, हे तुझेच शब्द. जिल्ह्याच्या महिला सॉफ्टबॉल स्पर्धेत पाच संघ होते, जोड्या लागत नव्हत्या, म्हणून पनवेलचा सहावा घ्यायचा ठरला. जुन्या प्रत्येक संघाने दोन-दोन मुली नव्या संघाला द्यायच्या. चांगल्या मुली कोण देतंय! त्यांनी दोन प्रकारच्या दिल्या. एक भांडकुदळ, दुसऱ्या लग्न ठरलेल्या. मी पहिल्यातली, शैला दुसऱ्यातली, तू दोन्हीतली. दहावी मुलगी एक दिवस आली आणि पुन्हा दिसलीच नाही. उरलो नऊ. एक जरी आजारी पडली तरी सामना सोडून द्यावा लागणार. आपण मैदानात शिरलो की समोरच्या संघाच्या मुली ओरडायच्या, "वऱ्हाड आलं गं, वऱ्हाड!" आपले प्रशिक्षक सर चिडायचे. तू मात्र हात जोडून म्हणायचीस, "जेवण काय केलंय?"

इतक्या वर्षांनी फलक लावायची कल्पना मैदानाच्या क्लबची, पण काम तू अंगावर घेतलंस. मासळीचा बाजार आटोपला की कळंबोलीला माझ्या दुकानात यायचीस, पंख्याखाली बसून पदराने मान पुसायचीस आणि एकेकीची कारकीर्द सांगायला लागायचीस. बाहेर लोखंड बाजारातले ट्रक, मागे प्रिंटरचा आवाज, त्यावर तुझा आवाज. मी सुरुवातीला फार वाद घातला. फलकावर चांगलं लिहायचं असतं, असं माझं म्हणणं. माणसं वाचणार, नातवंडं फोटो काढणार.

तू सांगितलेलं हे, अक्षरशः: "मीनल, फर्स्ट बेस. उंच म्हणून घेतली. कॅच सोडायची. सोडलेला बॉल उचलून परत बाद करायची, म्हणून तिला कोणी बोललं नाही. आता इचलकरंजीला पोरांना खो-खो शिकवते, तिथं कॅच नसतो." आणि मग माझा: "रेखा, कॅचर. गुडघे खराब, तोंड त्याहून खराब. समोरच्या बॅटरला इतकं बोलायची की पोरगी बॉल बघायची विसरून जायची."

"हे कुंपणावर लावायचं?" मी विचारलं.

"मंग काय देवळात लावायचं हाय?"

लिहिलं. परवाच तयार झाला माझा फलक. खरं सांगते, सातांमध्ये तोच सगळ्यात चांगला वाचला जातो.

नावांवरून मात्र आपण नीट भांडलो. मी म्हणाले, आताची नावं लिहू, म्हणजे लोक ओळखतील. तू म्हणालीस, मैदानावर ज्या नावाने हाक मारली तेच लिहायचं, मागून आलेलं नाव खेळलेलं नाय. माझं बोलणं सोपं होतं म्हणा, माझ्या नवऱ्याने माझं नाव बदललंच नाही. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, हातात अंगठी दिली, तर त्याला काही सुचेना. भटजी कंटाळले, शेवटी त्याने 'रेखा'च लिहिलं. तू मात्र सकाळी जयवंती होतीस आणि दुपारी सुनंदा झालीस. शैलाची 'वैशाली' झाली. तिच्या लग्नात ते ताट पाहुण्यांमधून फिरलं तेव्हा आपण दोघी शेजारी होतो. तू तांदळावर वाकून नाव वाचलंस आणि कुजबुजलीस, "ही कोण गो आता?"

त्या लग्नाच्या सकाळची मॅच तुझ्या फलकावर यायलाच हवी. तू असतीस तर येऊ दिली नसतीस.

आदल्या दिवशी संध्याकाळी पळस्प्याला शैलाला हळद लागलेली. हिरवा चुडा भरलेला. लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं, आणि आपला स्पर्धेतला शेवटचा सामना त्याच सकाळी. हळद लागली की नवरीने घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तुला काय सांगायला हवं होतं? पण आठ जणींचा संघ मैदानात उतरवता येत नव्हता, आणि तोवर आपण एकही सामना जिंकला नव्हता. तू मासळीचा रिकामा टेम्पो वळवलास, उजाडायच्या आत पळस्प्याला गेलीस आणि मागच्या दाराने शैलाला बाहेर काढलंस. ती मैदानात उतरली ती पिवळीधमक, अंगाला हळदीचा वास आणि टेम्पोतल्या मासळीचाही. पंच म्हणाले, बांगड्या काढा. नवरी बांगड्या काढते होय? तू तिच्या दोन्ही हातांवर कापडाची पट्टी गुंडाळलीस. तिसऱ्या डावापर्यंत चेंडू पिवळा झाला होता. पंच म्हणाले, चेंडू बदला. तू म्हणालीस, "बदलायला दुसरा असता तर आमी लग्नाच्या दिवशी नवरी आणली असती काय?"

शेवटच्या डावात चेंडू उंच सेंटर फील्डकडे गेला. मी होम प्लेटवरून बघत होते. तो हातात येणं शक्य नव्हतं. शैला मागे पळाली, पुन्हा मागे पळाली आणि आडवी पडली. उठली तेव्हा चेंडू हातमोज्यात होता, आणि पट्टीखालून लाल दिसायला लागलं होतं. बांगड्या वाढल्या होत्या. फुटल्या म्हणायचं नसतं. आपण जिंकलो. तू आनंदाने ओरडलीस आणि लगेच शैलाकडे धावलीस, कारण तुझंही लक्ष त्या हाताकडे गेलं.

मग पनवेलच्या बाजारात कासाराला गाठून नवा चुडा भरला आणि टेम्पो पळस्प्याला नेला. मी सोबत होते. दारात शैलाची आत्या उभी होती. ती शैलाला काही बोलली नाही. तुझ्याकडे बोट केलं. "हळद लागलेली पोर गावभर फिरवलीस. हिचं काय बरंवाईट झालं तर तुझ्या डोक्यावर." तू हसलीस. मीही हसले. टेम्पोत बसल्यावर तू म्हणालीस, "म्हातारी कशी बोलली गो!" आणि मग पनवेल येईपर्यंत काही बोलली नाहीस. तू गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

वर्ष व्हायच्या आत तुझी आई पेणच्या बाजूला मासळी विकून आली आणि म्हणाली, पाटलांची वैशाली गेली, नवी नवरीच होती, काविळीने. शैलाच्या सासरचंच गाव, आडनाव तेच, नाव तेच. आपण दोघींनी ताटात वाचलेलं.

पुढे तू काय काय केलंस ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पळस्प्याला गेलीस तर रस्त्याच्या कामात त्यांचं घर गेलेलं, आईवडील नाशिककडे मुलाकडे गेलेले, पत्ता कुणाला नीट माहीत नाही. पेणच्या त्या गावालाही गेलीस. एसटीच्या थांब्यावर चहावाल्याला विचारलंस, पाटलांची वैशाली? तो म्हणाला, गेली बिचारी. तू परतीच्या गाडीत बसलीस. मला इतकंच सांगितलंस, "गाडी लवकर मिळाली." एवढ्या लांब जाऊन त्या घरापर्यंत का गेली नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. तुला कळून घ्यायचं नव्हतं, असं आता वाटतं. जोवर घर पाहिलं नाही तोवर ती मेली नव्हती.

मला हे सगळं आत्ता या फलकांच्या वेळी लक्षात आलं. त्या दुपारचं बोलणं आठवतं?

"जयू, शैलाच्या नावाआधी 'कै.' लावू ना?"

"नाय."

"मग काय लिहू?"

"शैला. सेंटर फील्ड."

"पुढे?"

"पुढं नंतर."

"अगं, बातमी तुझ्याच आईने आणली होती."

"आईनं वैशाली गेली सांगितलं. शैला गेली असं कोण बोललं?"

"दोन्ही एकच ना? काहीतरीच काय!"

"पळस्प्यात कोण रडलं नाय. मी घरोघर विचारलं. कोणाच्या कानावर काय नाय. माहेरात रडणं झालं नाय तर पोर मेली कशी?"

मी म्हणाले, शेजाऱ्यांना काय कळतं, माणसं घर सोडून गेलेली. आणि वर हेही म्हणाले की तसं झालं असलं तरी तुझ्या टेम्पोचा त्यात काय संबंध, कावीळ काय हळदीने होते? मला वाटलं मी तुझी समजूत घालतेय. तू उठलीस, पिशवी उचललीस. "मी गेल्यावर लिव, काय लिवायचं ते. मी असताना नको." मी म्हणाले, नाटकं करू नकोस. त्यानंतर महिनाभरात तू खरंच गेलीस, बाजारातून येऊन पाणी मागितलंस आणि पाणी आणेपर्यंत संपलीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लोळत पडली नाहीस, कुणाच्या हातून भरवून घ्यावं लागलं नाही, हे बरंच झालं. तुला ते जमलं नसतं आणि घरच्यांना तू जमली नसतीस.

तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स अर्थातच माझ्याच दुकानात छापला. माझ्याकडे आठवड्याला इतके येतात की नमुना तयारच असतो; फोटो बदलायचा, नाव बदलायचं, समई तशीच. धर्मा भाऊजी येऊन बसले. बिचारे दाढी वाढलेल्या तोंडाने म्हणाले, "रेखाताई, सुनंदा लिवा. गावात सगळी सुनंदाच बोलतात." मी लिहिलं, कै. सुनंदा धर्मा कोळी. आणि त्याखाली, दुप्पट मोठ्या अक्षरांत: जयवंती, पनवेलच्या पहिल्या महिला सॉफ्टबॉल संघाची पिचर.

"ह्ये एवढं मोठं?"

"तिने सांगितलंय."

"मला कवा बोलली नाय."

"माझं डोकं खाल्लंय तिने यावरून."

भाऊजी मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग. तिच्याशी कोण भांडणार." यात भावुक होण्यासारखं काही नव्हतं, जयू. जिवंतपणी तुझ्याशी वादात जिंकता आलं नाही, गेलेल्या माणसाशी काय वाद घालायचा, इतकाच माझा हिशोब. एक फ्लेक्स तुमच्या आळीत लागला, एक कळंबोलीच्या चौकात.

काल दुपारी दहाव्याचं आटपून आम्ही बायका तुझ्या घरी बसलो होतो. दारात एक बाई आली. गोल चेहरा, चष्मा, साडीवर पायात कापडी बूट. म्हणाली, "जयवंतीचं घर हेच का?"

त्या घरात तुला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून पुढे गेले, म्हटलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, "रेखा, गुडघे कसे आहेत तुझे?"

मी काय केलं असेल, तुला अंदाज आहेच. मी तिच्या अंगावर ओरडले. "अगं बाई, तू मेलीस ना!" दहाव्याच्या घरात! तुझी नणंद दचकून उभी राहिली.

"कोण म्हणालं?" शैला म्हणाली.

बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते इतकं साधं आहे की तुला ऐकून राग आला असता. लग्नानंतर महिन्याभरात नवऱ्याला वापीला कारखान्यात काम लागलं, दोघं तिकडे गेली. पाटलांच्याच भावकीत, दोन घरं सोडून, त्याच वर्षी आणखी एक सून आली होती. तिच्या नवऱ्यानेही ताटात 'वैशाली'च लिहिलं होतं. ती काविळीने गेली. "आमच्या गल्लीत आम्हाला दोघींना मोठी वैशाली, धाकटी वैशाली म्हणायचे," शैला म्हणाली. "मी धाकटी." बाहेरच्या माणसाला कोण मोठी, कोण धाकटी सांगत बसतं! शैलाचं सगळं आयुष्य वापीत गेलं. मुलाने इथेच, कळंबोलीला लागून रोडपालीत घर घेतलं म्हणून आता काही वर्षं इकडे आहे. तिनेही तुला शोधलं होतं. तुझं सासर उरणचं एवढं तिच्या लक्षात होतं, तिथे जयवंती कोळी म्हणून विचारलं, कुणी ओळखेना. तू तर सुनंदा झालेली. काल रिक्षातून जाताना कळंबोलीच्या चौकात फ्लेक्स दिसला. फोटोतली बाई ओळखीची वाटली नाही म्हणाली. 'पिचर' वाचलं, वर 'जयवंती' वाचलं, आणि खाली छापलेल्या घराच्या पत्त्यावर रिक्षा वळवायला सांगितली.

रोडपाली! तू मासळी घेऊन त्या सेक्टरांमधून कितीदा हाका घालत गेली असशील.

मी तिचा डावा हात ओढून बघितला. मनगटाजवळ एक बारीक पांढरी रेघ आहे. बास, एवढंच आहे.

मग आत्याचं सांगितलं तिला. तू टेम्पोत गप्प बसलीस ते, पेणच्या थांब्यावरून परत आलीस ते, 'कै.' लावू दिलं नाहीस ते. सगळं एका दमात सांगितलं, मला अशी प्रकरणं रेंगाळत सांगता येत नाहीत. मग तिने विचारलं, "आत्या काय म्हणाली होती?"

"हिचं काय बरंवाईट झालं तर तुझ्या डोक्यावर."

"अगं, ती सगळ्यांना हेच म्हणायची!" शैला म्हणाली. "भावाने मोटारसायकल घेतली तेव्हा वडिलांना म्हणाली. माझी बारशाची आंघोळ गार पाण्याने झाली तेव्हा सुईणीला म्हणाली. त्या सकाळी तुम्ही गेल्यावर तिनेच मला विचारलं, जिंकलात का? हो म्हटलं, तर लाडू दिला."

आणि मग ती तुझ्या फोटोकडे बघून रडायला लागली. मी नाही रडले. मला आधी हसू आलं, आणि ते आवरायला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. तुझं सगळं आयुष्य त्या म्हातारीचं एक वाक्य वाहण्यात गेलं, आणि ते वाक्य ती सुईणीलासुद्धा ऐकवून मोकळी झाली होती. हे तू ऐकायला हवं होतंस. दहा दिवस आधी, पंख्याखाली बसून. तू काय शिवी घातली असतीस तेही मला माहीत आहे, ती इथे लिहिता येत नाही.

वाईट वाटायचं ते एवढ्यापुरतं वाटतं, आणि ते जाईल असं मला वाटत नाही. बाकी मात्र आज इतकं हलकं वाटतंय की हे दहाव्यानंतरचं लिहिणं आहे यावर विश्वास बसत नाही. सकाळपासून चहाच्या पोऱ्यापासून शीट पोचवणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, आमची सेंटर फील्डर जिवंत आहे. ड्रायव्हर म्हणाला, अभिनंदन ताई. तुझ्या हट्टामुळे मी ते एक अक्षर आणि एक टिंब कापलं नाही, जयू. मी कापणार होते. आणि तुझ्या दुसऱ्या हट्टामुळे फ्लेक्सवर ते नाव गेलं, म्हणून ती आली. दोन्ही वेळा तू बरोबर होतीस, हे मी लिहून देते आहे. आता यावर पुन्हा बोलायचं नाही.

तुझा मजकूर आत्ताच पूर्ण केला. बघ, चालतंय का: "कै. जयवंती, पिचर. चेंडू सरळ टाकायची, बोलणंही. नववी खेळाडू कमी पडली तेव्हा लग्नघरातून नवरी आणली. त्यामुळे कुणाचंही काही वाईट झालं नाही." शेवटचं वाक्य फलकात बसत नव्हतं. अक्षरं लहान केली आणि बसवलं. वाचणाऱ्याला कळणार नाही ते कशाबद्दल आहे. न कळू दे.

काल इथवर लिहून थांबले होते. आज शनिवार. सकाळी दुकानाच्या शटरला हात न लावता सरळ रोडपालीला गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद, गुडघ्यांनी काय ते सांगितलं. शैलाने गाऊनमध्येच दार उघडलं. मुलगा कामावर निघत होता, त्याला म्हणाली, "ही रेखा मावशी, कॅचर." मी टेबलावरची भाजी बाजूला सरकवली आणि लॅपटॉप उघडला.

"बोल."

"काय बोलू?"

"तुझी कारकीर्द. 'शैला, सेंटर फील्ड' एवढं आहे माझ्याकडे. पुढचं जयूने ठेवलंय."

"एक हंगाम खेळले गं मी. त्याची कसली कारकीर्द?"

"एकही हंगाम न खेळलेल्यांचे फलक मी रोज छापते. बोल तू."

तिने मनगट चोळलं. मग उठली. "थांब, चहा ठेवते आधी. वापीपर्यंत पोचायलाच दुपार होईल."

म्हटलं, होऊ दे.